ससा दोन, शेवटचं रक्त

रक्ताला सगळं आठवतं. परकं काय आणि आपलं काय, हे एकदा त्याला समजलं की ते जन्मभर विसरत नाही. माणूस विसरतो, गाव विसरतं, इतिहास तर सोयीनं विसरतो. पण रक्तात उमटलेली ओळख पुसली जात नाही. प्रतिकारशक्तीचा धडा मी दरवर्षी असाच सुरू करते. वाक्य भारदस्त आहे आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचतं. फक्त ते अर्धंच खरं आहे. लसींचे पुन्हा पुन्हा डोस घ्यावे लागतात, म्हणजे रक्तालाही अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. आणि रक्त सशाचं असेल, तर त्याला काय आठवतं हे बघायच्या आधी ते उणे वीस अंशांवर नीट ठेवावं लागतं.

यंदाही सीताफळं आली आहेत. बसस्टँडच्या कुंपणाला टेकून डोंगराकडच्या बाया टोपल्या मांडून बसल्या आहेत. मेहकरची बस वळताना त्यांच्या अंगावर धुरळा उडवते, त्या पदरानं फळं झाकतात, स्वतःला झाकत नाहीत. सोयाबीन निघालेलं आहे. रस्त्याच्या कडेला मळणीयंत्रं घरघरतात आणि सगळ्या गावाच्या घशात तो बारीक भुसा बसलेला असतो. मी सीताफळं घेते, घरी आणून भाताच्या पातेल्याशेजारी ठेवते, दोन दिवसांत त्यांचे डोळे उघडतात आणि कुठून कोण जाणे, त्या माश्या येतात. बाजरीच्या दाण्याएवढ्या, तपकिरी अंगाच्या, लालबुंद डोळ्यांच्या. दार बंद असो, खिडकीला जाळी असो. फळ पिकल्याची बातमी त्यांना माझ्याआधी लागते.

लोक त्यांना चिलटं म्हणतात आणि हातानं वारतात. मी वारत नाही. त्या बसल्या की मला वैशाली आठवते, आणि मग सीताफळ खायचं राहून जातं.

वैशाली इंगळे आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात पीएच.डी.साठी आली, तेव्हा विभागाच्या दारावर ‘संशोधन केंद्र’ अशी पाटी लागून वर्ष झालं होतं. पाटीचं उद्घाटन संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी केलं होतं. भाषणात ते अणूपासून ब्रह्मांडापर्यंत गेले आणि जेवायच्या वेळेला परत आले. केंद्रात एक बरा मायक्रोस्कोप होता, नळ्या हलवणारं एक यंत्र होतं आणि एक डीप फ्रीझर होता. फ्रीझर आला त्या दिवशी त्याला हार घातला होता. पुढे वर्षभर त्याच्यात पाहुण्यांच्या सत्काराचे गजरे ठेवले जात. गजरे उणे वीसला काळे पडतात, हा आमच्या केंद्राचा पहिला निष्कर्ष.

विभागप्रमुख डॉ. काळे यांनी वैशालीची पहिली मुलाखत माझ्यासमोरच घेतली.

“पूर्ण नाव?”

“वैशाली रमेश इंगळे.”

“इंगळे. गाव?”

“सोनाळा, सर.”

“सोनाळ्याचे कोणते इंगळे?”

“विहाराजवळचे.”

“अच्छा, अच्छा,” काळे सर म्हणाले, आणि विषय कोणता घेणार हे विचारायचं विसरून गेले. आमच्याकडे आडनाव अपुरं पडलं की गल्ली विचारतात. परक्याला ओळखणारी रक्तातली प्रतिपिंडंसुद्धा इतक्या लवकर ओळख पटवत नाहीत. त्यांना निदान दोन आठवडे लागतात.

विषय मी विचारला. ती म्हणाली, फळमाशीचा भ्रूण. माशीच्या अंड्यात पहिल्या काही तासांत ठरतं की डोकं कुठे, शेपूट कुठे, अंगाचा कोणता भाग कुठून सुरू होणार. हे ठरवण्यात जी प्रथिनं भाग घेतात, त्यांतलं एक तिला शोधायचं होतं. ते असतं हे माहीत होतं. पण नेमकं कुठे असतं, कधी उगवतं आणि कधी मावळतं, हे कोणी नीट पाहिलेलं नव्हतं.

भाऊसाहेब एकदा पाहणीला आले, तेव्हा तिच्या टेबलावर कापसाचे बोळे लावलेल्या बाटल्यांची रांग होती. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून घातलेल्या त्या बाटल्यांत माश्या भिरभिरत होत्या. भाऊसाहेबांची स्वतःची संत्र्याची बाग आहे. त्यांनी एक बाटली उजेडात धरली.

“हे फळमाशी काय? हिनं माह्या बागेचा सत्यानाश केला. पोरी, हिच्यावर औषध कधी काढतं तू?”

“भाऊसाहेब, ते बागेतली वेगळी. अन् हिले मारायची नाही, पाळायची हाय.”

“पाळायची? म्हशीवानी?”

“म्हशीपेक्षा कमी खाते, भाऊसाहेब.”

सगळे हसले. भाऊसाहेबही हसले, पण जाताना काळे सरांना दाराशी म्हणाले, “माश्या पाळाले सरकार पैसे देते, अन् आपण येथं पाण्याच्या टाकीसाठी मरून राह्यलो.” या वाक्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी अणूपासून ब्रह्मांडापर्यंत केलेल्या सगळ्या भाषणात एवढं तथ्य नव्हतं.

प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावं म्हणून त्याच्यावर नेमकं जाऊन बसणारं काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी कारखान्यापेक्षा सशाचं अंग चांगलं बनवतं. त्या प्रथिनाचा एक तुकडा वैशालीनं जिवाणूंकडून तयार करून घेतला, गाळून शुद्ध केला. मग तो जिल्ह्याबाहेरच्या एका परवानाधारक प्राणिगृहात दोन सशांना टोचण्यात आला. सशाच्या दृष्टीनं माशीचं प्रथिन परकं. त्याचं रक्त ते ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागतं. काही आठवड्यांनी पुन्हा टोचायचं, म्हणजे ओळख पक्की होते. अधूनमधून कानाच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, ते साकळू द्यायचं, वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं. तेच सीरम. ते माशीच्या भ्रूणांवर घातलं की त्यातली प्रतिपिंडं आपलं प्रथिन शोधून तिथे चिकटतात, आणि मग त्यांना रंग देता येतो.

हे सगळं ऐकायला सरळ आहे. प्रत्यक्षात पहिल्या सशाच्या सीरमनं अख्खा भ्रूण तपकिरी करून टाकला. त्याला सगळेच परके वाटत होते. असे ससे माझ्या माहितीत बरेच आहेत. दुसऱ्या सशाला मात्र नेमकं कळलं. वैशालीनं टोचण्याआधीचं रक्तही जपून ठेवलं होतं, तुलनेसाठी. त्यानं काहीच रंगलं नाही आणि टोचल्यानंतरच्या रक्तानं हवं तेवढंच रंगलं. यापेक्षा चांगली बातमी या धंद्यात नसते.

बातमी चांगली असली की ससा संपतो. प्रतिपिंडं भरपूर तयार झाली आहेत असं दिसलं, म्हणजे त्याला भूल देऊन सगळं रक्त काढून घेतात. त्याला शेवटचं रक्त म्हणतात. वैशाली त्या दिवशी तिथे गेली होती. जायची गरज नव्हती, बर्फाच्या डब्यातून सीरम आलं असतं. परत आल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली. तिचे वडील त्या आठवड्यात काही सामान घेऊन आले होते. ते सोनाळ्यात शिवणकाम करतात, शाळेचे गणवेश शिवतात. विभागाच्या ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि लेकीला विचारलं:

“मंग तो ससा मेला?”

“हाव, बाबा.”

“पंचशीलात पहिलं काय हाय?”

“माहीत हाय, बाबा.”

“माहीत हाय तं बरं,” ते म्हणाले. कपातला उरलेला चहा त्यांनी कडेच्या तुळशीत ओतला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

नंतर ती मला म्हणाली, “मॅडम, बाबांना उत्तर द्यायचं आहे मला. तोंडानं नाही. कामानं द्यायचं.”

म्हणून ती ते सीरम जपत होती. आमच्याकडची शोधनिबंधांची भाषा मला ठाऊक आहे, ‘प्राण्यांच्या बलिदानाबद्दल ऋणी’ वगैरे. बलिदान सशानं केलेलं नसतं, एवढी साधी गोष्ट त्या वाक्यात बसत नाही. वैशालीनं ऋणाबिणाचं काही लिहिलं नाही. ती फक्त नळी उचलताना दोन्ही हात वापरायची.

नळ्यांवर काय लिहायचं, हाही एक प्रश्न होता. आमचे शिपाई गजूभाऊ मोठे स्वच्छतेचे भोक्ते. तिच्या सुरुवातीच्या दिवसांत इंग्रजीत नाव लिहिलेली एक बाटली त्यांनी घासूनपुसून, उन्हात वाळवून, टेबलावर पालथी घालून ठेवली होती. आतलं द्रावण तयार करायला तिला आठवडा लागला होता. ती रडकुंडीला आली, तर गजूभाऊ म्हणाले, “ताई, इंग्रजीत लिवलं का मले वाटते हे सायबाचं जुनं हाय. मराठीत लिवा ना.” तिला ते पटलं. तेव्हापासून तिच्या सगळ्या नळ्या, बाटल्या, डब्या मराठीत बोलू लागल्या. सीरमच्या डबीवर तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं: ससा दोन, शेवटचं रक्त. टाकू नये.

भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या एका सभेत मी हे उदाहरण सांगणार होते. आता सांगत नाही.

त्या आश्विनातली एक दुपार माझ्याजवळ अजून जशीच्या तशी आहे. बाहेर भुशाचं ऊन. खोलीत जांभळाच्या रसाचा आंबूस वास, कारण माश्यांनी अंडी घालावीत म्हणून वैशाली जांभळाचा रस घातलेल्या थाळ्या करायची. काळ्याजांभळ्या थाळीवर पांढरी अंडी, तांदळाच्या कणीचाही कण. ती ब्रशनं गोळा करायची, ब्लीचच्या पाण्यात घातली की वरचं कवच निघायचं, मग ती एका द्रावणात थिजवायची आणि जोरानं हलवायची. ज्यांचा आतला पापुद्रा सुटला ते भ्रूण तळाशी बसत, बाकीचे वर तरंगत. तळाशी बसलेलेच कामाचे. “मॅडम, आपल्याकडं उलटं आहे, नाही?” ती म्हणाली. मी विभागाकडे एकदा नजर फिरवली.

मग तिनं मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

पिवळट, लांबट एक दाणा. त्याच्यावर आडवे तपकिरी पट्टे. सारख्या अंतरानं, एकामागून एक, काठ थोडे पुसट. अजून माशी नाही, अळीही नाही, पाय नाहीत, पंख नाहीत. आणि तरी कुठे काय व्हायचं याच्या खुणा झालेल्या.

“बाबा कापड कापायच्या आधी खडूनं रेघा मारतात ना, तशा,” वैशाली माझ्या खांद्यामागून म्हणाली. “ह्या रेघा आजवर कोणी पाहिलेल्या नाहीत, मॅडम. या प्रथिनाच्या तरी नाहीत.”

मी मान वर केली नाही. मला खूप वाचनाची सवय आहे आणि त्यामुळे सहसा कशाचं नवल वाटत नाही. त्या दुपारी वाटलं. आमच्या तालुक्याच्या गावात, गजरे काळे पडलेल्या त्या फ्रीझरच्या शेजारी, कोणी न पाहिलेली एक गोष्ट होती आणि ती मी पाहत होते.

“आता काय राहिलं?” मी विचारलं.

“हेच पुन्हा. वेगवेगळ्या वयाच्या भ्रूणांवर. पुन्हा पुन्हा. एकदा दिसलं म्हणजे दिसलं असं कोणी मानत नाही ना. नागपूरहून आले की सुरू करते. मार्चपर्यंत फेलोशिप आहे, तोवर होईल.”

नागपूर म्हणजे दसऱ्याचं नागपूर. तिच्या घरचे सगळे त्या दिवशी तिथे जातात. पांढरे कपडे, सोबत भाकरीची शिदोरी, आदल्या दिवशीची खचाखच भरलेली गाडी. ती नवमीला सकाळीच निघाली. त्याच नवमीला आमच्याकडे खंडेनवमी असते.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेतकरी विळा, पाभर, पंप पुजतो. शिंप्याचं मशीन, गॅरेजवाल्याचे पाने, सगळ्यांना हळदकुंकू मिळतं. यात वाईट काही नाही. ज्यावर पोट चालतं त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडायला हरकत नसावी. आमची अडचण एवढीच, की आमचं पोट पगारावर चालतं आणि पूजा मायक्रोस्कोपची होते. काळे सर दरवर्षी भिंगाला कुंकू लावतात. पुढे दिवाळीपर्यंत मुलांना प्रत्येक स्लाईडमध्ये तांबड्या पेशी दिसतात.

त्या वर्षी पूजेला भाऊसाहेब येणार होते, फोटोग्राफर येणार होता. यंत्रं पुसून एका ओळीत मांडली गेली. फ्रीझर मोठा, पांढराशुभ्र, म्हणून मधोमध. मी आरतीच्या वेळी पोचले. झेंडूच्या माळा, उदबत्त्या, फ्रीझरच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक. भाऊसाहेबांनी नारळ फोडला. “विज्ञान हे आधुनिक शस्त्र आहे,” असं म्हणाले. पेढा खव्याचा होता. फ्रीझर इतका चकचकीत कधी दिसला नव्हता, एवढंच माझ्या मनात आलं.

वैशाली परत आली ती अजून प्रवासाच्या धुळीत. खांद्यावर पिशवी, पिशवीत माझ्यासाठी नागपूरच्या संत्र्याची बर्फी. पिशवी तशीच ठेवून तिनं आधी फ्रीझर उघडला. माझी पाठ तिच्याकडे होती. दार बंद झाल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी वळले. फ्रीझरमध्ये एक सुपारी आणि थोडा बर्फ होता.

गजूभाऊंना बोलावलं. ते डगमगले नाहीत. आपण चांगलं काम केलंय अशीच त्यांची समजूत होती.

“सायबायनं सांगतलं, पूजेले भाऊसायब येऊन राह्यले, अन् फ्रीजात सशाचं रगत हाय. रगतावर स्वस्तिक कसं काढाव? म्हनले, काढ ते बाहेर.”

“मग ठेवलं कुठं, गजूभाऊ?” वैशालीचा आवाज अगदी शांत होता.

“ठेवाले जागा कुठी व्हती, ताई? उन्हात वास सुटला असता. तुमी लिवलं व्हतं टाकू नये. म्हून टाकलं नाही. उकिरड्यावर टाकाले माह्यंही मन नाही झालं. जीवाचं रगत व्हय शेवटी. निर्माल्यासंगं तलावात सोडलं. हात जोडून सोडलं.”

“डबी?”

“डबीसगट. तरंगत व्हती, तं धोंडा बांधला.”

इंग्रजीत लिहिलं असतं, तर महागडं औषध समजून काळे सरांनी त्यालाच हळदकुंकू वाहिलं असतं.

आम्ही तलावावर गेलो. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, तलाव काठोकाठ होता, आणि हे सगळ्या गावाच्या आनंदाचं कारण होतं. मासेमारीचा ठेका घेतलेल्या माणसानं आमच्याकडे बघून दोन-तीनदा जाळं टाकलं. जाळ्यात झेंडू आला, दोन नारळ आले, गणपतीचा एक हात आला. “काय पडलं तुमचं?” त्यानं विचारलं. “सोनंबिनं?”

“सशाचं रक्त,” वैशाली म्हणाली.

त्यानं जाळं गुंडाळायला घेतलं. या बायांशी जास्त बोलू नये, असं त्याला वाटलं असावं.

परतीच्या वाटेवर ती फक्त एवढंच बोलली: “मग तो ससा कशासाठी मेला, मॅडम?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून कॉलेजनं चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. काळे. विभागप्रमुख या नात्यानं तेच असायला हवेत, हे नियमात बसतं. वैशालीला बोलावलं, मला सदस्य म्हणून बसवलं.

“घडलं ते वाईट झालं,” काळे सर म्हणाले. “पण तुम्ही पूजेला हजर असता तर हे टळलं असतं की नाही? सांगा.”

“मी रजेचा अर्ज दिला होता, सर.”

“हो, हो. तुमच्या लोकांचं त्या दिवशी नागपूर असतं, त्याला आमची ना नाही. प्रत्येकाची श्रद्धा असते. तशी आमचीही आहे. श्रद्धा आपल्या जागी, विज्ञान आपल्या जागी.”

“सर, जागा एकच होती,” मी म्हणाले. “फ्रीझर.”

काळे सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. छतानं त्यांची बाजू घेतली असावी, कारण ते पुढे म्हणाले, “आणि इंगळे, एवढं काय ते? दुसरा ससा घ्या. सशांना काय तोटा आहे?”

वैशाली उठली. “एक मारलाय मी, सर,” ती म्हणाली. “त्याचं अजून काही झालेलं नाही.” आणि नमस्कार करून बाहेर गेली.

समितीचा निष्कर्ष असा झाला, की विसर्जन आदरपूर्वक करण्यात आलं होतं आणि संबंधित विद्यार्थिनी त्या वेळी गैरहजर होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खोटं एकही वाक्य नव्हतं, हे मी सदस्य म्हणून सांगू शकते. माझी वेगळी टिपणी मी जोडली. ती जोडलेली आहे.

साध्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशवीमागे, आधीच्या प्रयोगातलं वापरलेलं थोडं पातळ सीरम राहिलं होतं. त्याच्यावर एक प्रयोग निघाला. पट्टे दिसले, फिकट, जुन्या लुगड्याच्या काठासारखे. पुन्हा करायला काही उरलं नाही. विद्यापीठातल्या तिच्या मार्गदर्शकांनी अमरावतीहून कळवलं, एवढ्यावर प्रबंध उभा राहणार नाही. प्राणिगृहाची नवी परवानगी, नवा ससा, पुन्हा सगळे डोस, आणि फेलोशिप मार्चला संपणार. हे सगळं जमवता आलं असतं, असं मला अजूनही वाटतं. मी तिला तसं म्हणाले. ती म्हणाली, “मॅडम, घरी बाबांना काय सांगू? एक पाण्यात गेला, आता आणखी एक मारते?”

मार्चमध्ये तिनं माश्या सोडून दिल्या. बाटल्यांचे बोळे काढले आणि खिडकी उघडली. माश्या ताबडतोब गेल्या नाहीत. बराच वेळ त्या बाटल्यांच्या तोंडाशीच फिरत होत्या. बाहेर उन्हाळा होता, फळ कुठेच नव्हतं.

परवा माझ्या माहेरी, पिंपळगाव राजाला जाताना खामगावच्या स्टँडवर ती भेटली. तिथल्या एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. पोरं तिला मानतात असं ऐकून आहे. गळ्यात क्लासचं ओळखपत्र, हातात खडूचा डाग.

“काय शिकवून राह्यली सध्या?” मी विचारलं. माहेरच्या बाजूला आले की माझीही जीभ वळते.

“प्रतिपिंडं, मॅडम. सोपी असतात. इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसतात. चार पर्याय, एक बरोबर.” ती हसली. हसणं चांगलं होतं, फार कडू नव्हतं. म्हणून मला ते सहन झालं नाही.

“बाबा कसे आहेत?”

“शिवतात अजून. डोळ्याला कमी दिसतं, पण रेघ सरळ येते.” मग म्हणाली, “मॅडम, त्यांनी मला त्या सशाचं पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.”

बस आली. गर्दीत तिनं माझी पिशवी वर चढवून दिली, आणि मी बसून खिडकीतून पाहीपर्यंत ती क्लासच्या दिशेनं निघून गेली होती. मागच्या सीटवरच्या कोणाच्या तरी टोपलीत सीताफळं होती. मलकापूर रस्त्याला लागेपर्यंत दोन-तीन माश्या माझ्या ओंजळीवर बसून होत्या.

आपलं आणि परकं ओळखणं हेच जर प्रतिकारशक्तीचं काम असेल, तर आमच्या कॉलेजची प्रतिकारशक्ती उत्तम आहे, हे मला मान्य करायला हवं. बाहेरून काही वेगळं आत आलं, की ते ओळखलं जातं, घेरलं जातं आणि कोणालाही ताप न येता बाहेर टाकलं जातं. वर आदरपूर्वक. धोंडा बांधून. यावर कोणी प्रबंध लिहिला तर मी मार्गदर्शन करीन. पण वैशालीनंतर आमच्या केंद्रात संशोधनाला कोणी आलेलं नाही. पाटी दर दिवाळीला रंगवतात.

समितीनं एक ठराव मात्र केला आणि तो काटेकोर पाळला जातो. खंडेनवमीच्या पूजेआधी फ्रीझर रिकामा असल्याची खात्री विभागातल्या एका जबाबदार व्यक्तीनं स्वतः करून घ्यायची. ती जबाबदारी माझ्याकडे आहे. यंदाची पूजा उद्या आहे, म्हणून आज दुपारी जाऊन दार उघडून पाहिलं.

रिकामा आहे.